चौथा कप्पा

मला गाइड लोक आवडत नाहीत, कारण ते मला बोलू देत नाहीत. मी पुण्याचा, त्यातून इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनियर. मला कुणी काही समजावून सांगायला लागलं की माझ्या पोटात दुखतं. अजिंठा मी दोनदा पाहिलाय, एकदा शाळेच्या सहलीत आणि एकदा सासरच्या मंडळींबरोबर. त्यामुळे बौद्ध शिल्पकला म्हणजे आपल्या हातचा मळ, असं माझं प्रामाणिक मत होतं.

२००३ च्या बकरी ईदला सुट्टी जोडून आम्ही श्रीलंकेला जायचं ठरवलं. तिकडे शस्त्रसंधी झाली होती, आणि अबूधाबीकडच्या रुवैसला आमच्या कंपनीच्या कॉलनीत ईदच्या सुट्टीत करण्यासारखं एकच असतं, सुपरमार्केटात जाऊन रोजच्याच शेजाऱ्यांना भेटणं. अनुराधपूर या तिथल्या जुन्या बौद्ध राजधानीसाठी मी एक अख्खा दिवस राखून ठेवला. मिनिटामिनिटाचा तक्ता केला, ऑफिसात प्रिंट काढली आणि लॅमिनेट करून आणली.

"अहो, यात बाथरूमच्या वेळाही टाकल्यात?" अनुपमानं, म्हणजे माझ्या बायकोनं, विचारलं.

टाकल्या होत्या.

आता लतिकाबद्दल सांगायला हवं. लतिका आमच्याकडे तीन वर्षं घरकाम करत होती. चाळिशीची, अबोल, आणि श्रीलंकेचीच. आमच्या अकरा वर्षांच्या ईश्वरीचं तिच्यावाचून पान हलत नसे. दर दोन वर्षांनी तिला गावी जायची रजा द्यायची, असं करारात लिहिलेलं होतं आणि खाली माझी सही होती. पण दोन वर्षं पुरी झाली तेव्हा आमच्या प्लँटचं दुरुस्तीसाठीचं शटडाउन होतं आणि अनुपमाची कॉलनीतल्या शाळेतली नोकरी नवीन होती. मी म्हटलं, "नेक्स्ट मंथ, लतिका, इन्शाल्ला."

इन्शाल्ला हा शब्द फार चांगला. पण मी तो शिकलो आमचे सुपरिंटेंडंट मोहिद्दीन यांच्याकडून. माझ्या रजेच्या अर्जाकडे बघून त्यांनी हसून तो उच्चारला, की अर्ज खलास. मग घरी येऊन मी तासभर चडफडत असे. आणि स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या लतिकाला तितकंच गोड हसून तोच शब्द ऐकवत असे. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

त्या नेक्स्ट मंथमध्ये तिची आई गेली. आता जाऊन काय उपयोग, तुला पोचायलाच दोन दिवस लागतील, असं मीच तिला समजावलं. ती रडली नाही, निदान आमच्यासमोर तरी नाही. वर्ष होत आलं तेव्हा तिनं पुन्हा विचारलं. आईच्या नावानं दान द्यायचं असतं, भिक्षूंना जेवण घालायचं असतं. मी म्हटलं, ईदनंतर बघू. आणि त्याच आठवड्यात आमची तीन तिकिटं काढली, तिच्याच देशाची.

तिला बरोबर का नेलं नाही, असं कुणी विचारलं नाही, पण मी उत्तर तयार ठेवलं होतं. झाडांना पाणी कोण घालणार? खरं कारण वेगळं होतं. गेली आणि परत आलीच नाही तर? कॉलनीत दोन घरांत तसं झालं होतं. म्हणून तर घराघरांत बाईचा पासपोर्ट साहेबाच्या कपाटात असे. आम्ही त्याला 'सेफ्टी' म्हणायचो.

निघायच्या आदल्या दिवशी माझ्या शर्टांना इस्त्री करता करता लतिका म्हणाली, "सर, फ्रायडे को अनुराधपुरा जाता है ना? फ्रायडे मेरा मदर का वन इयर. बो ट्री के पास फ्लॉवर देना. मदर का नाम सोमावती."

"शुअर, शुअर," मी म्हटलं आणि तक्त्यात लिहिलं : पावणेअकरा ते अकरा, फुलं, सोमावती.

शुक्रवारी सकाळी अनुराधपूरला आमचा गाइड भेटला. गुणपाल त्याचं नाव. निवृत्त शाळामास्तर, पांढरा शर्ट, पांढरं लुंगीसारखं सारम, हातात काळी छत्री. मी गाडीतून उतरताच त्याला अजिंठा ऐकवायला सुरुवात केली. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सर, आधी तिकीट."

परदेशी माणसाला तिकीट पंधरा डॉलर. "पंधरा डॉलर म्हणजे पंचावन्न दिरहम, म्हणजे सातशे रुपये!" मी मोठ्यांदा हिशेब केला. गुणपाल म्हणाला, भारतीय पासपोर्ट दाखवलात तर अर्ध्यात होईल. हे ऐकल्यावर मी इतक्या चपळाईनं कमरेचं पाकीट काढलं की अनुपमानं दुसरीकडे बघितलं. पाकीट चार कप्प्यांचं होतं. घरी कपाटात ते तसंच असायचं आणि प्रवासाला निघताना मी ते तसंच उचलायचो. विमानतळावर मी पुढचे तीन पासपोर्ट काढून द्यायचो. इथे घाईत अख्खं पाकीटच गुणपालच्या हातात दिलं.

त्यानं पासपोर्ट मोजले. चार. माणसं मोजली. तीन. मग चौथा उघडून बघितला.

"सर, हिला तिकीट लागत नाही. ही आमची आहे," तो इंग्रजीत म्हणाला. "जन्म मिहिंतलेचा. इथून बारा किलोमीटर. कुठे आहेत बाई?"

तिकीटखिडकीमागचा माणूसही मान उंचावून बघायला लागला. "शी इज... ॲट होम," मी म्हटलं.

"मिहिंतलेला?"

"नाही. आमच्या घरी. अबूधाबीकडे."

"आणि पासपोर्ट?"

"सेफ्टीसाठी," मी म्हटलं.

त्यानं पासपोर्ट मिटला, नीट चौथ्या कप्प्यात सरकवला आणि पाकीट दोन्ही हातांनी मला परत दिलं. ईश्वरी सगळं बघत होती.

"बाबा, व्हाय डू यू हॅव लतिका आंटीज पासपोर्ट?"

"अगं, सेफ राहावा म्हणून."

"सेफ फ्रॉम हूम?"

मी तक्ता काढून पुढचं ठिकाण वाचायला लागलो.

त्यानंतर मी अजिंठ्याचं नाव काढलं नाही. महास्तूपाच्या फरशीवर अनवाणी जायचं होतं. रुवैसला पन्नास डिग्री काढलेल्या माणसाला श्रीलंकेचं ऊन काय करणार, असं मी आदल्या दिवशीच जाहीर केलं होतं. बूट चोरीला जाऊ नयेत म्हणून मी ते पिशवीत घालून बरोबर घेतले आणि तापलेल्या दगडांवर टुणटुण उड्या मारत निघालो. पांढऱ्या कपड्यांतल्या म्हाताऱ्या बायका संथपणे चालत होत्या. त्यांतली एक मला बघून हसली. तिचं बोळकं बघून मला सोमावती आठवली, जिचा फोटोसुद्धा मी कधी बघितला नव्हता.

बोधिवृक्षाशी पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. सोनेरी कठड्यामागे, टेकू दिलेल्या फांद्या. दोन हजार वर्षांहून जुनं झाड, आणि खरं सांगतो, दिसायला आमच्या सोसायटीतल्या पिंपळाहून बारीक. फुलं सोमावती या नावानं वाहायची आहेत, असं मी सांगितल्यावर गुणपालनं निळ्या कमळांचं तबक आणून दिलं, पाकळ्या कशा उलगडायच्या ते दाखवलं. मग म्हणाला, "फुलं वाहायची आणि त्याचं पुण्य गेलेल्या माणसाला द्यायचं. बहुतेक मुलगा किंवा मुलगी देते. आपण सोमावतींचे कोण?"

"एम्प्लॉयर," मी म्हटलं. "म्हणजे, त्यांच्या मुलीचा."

इतका हास्यास्पद शब्द मी आयुष्यात उच्चारला नसेन. मला माझी भयंकर लाज वाटली. अनुपमाच्या डोळ्यांत पाणी होतं. ती हळूच म्हणाली, "अहो, आपण चुकलो हो."

ईश्वरीनं माझ्या कमरेच्या पाकिटाची चेन उघडली, लतिकाचा पासपोर्ट काढला आणि फुलांच्या शेजारी ठेवला. माझ्या मनात पहिला विचार काय आला, तर कुणी उचलून नेला तर? अशा वेळीही. गुणपाल छत्री बाजूला ठेवून पालीत काहीतरी म्हणत राहिला. आम्ही तिघं हात जोडून उभे होतो. तक्त्याप्रमाणे आम्ही तेव्हा संग्रहालयात असायला हवं होतं.

रुवैसला परत आलो तेव्हा दार लतिकानं उघडलं. कुंड्यांना पाणी घातलेलं होतं. बॅगा आत घेताना तिनं विचारलं, "फ्लॉवर दिया, सर?"

"दिया," मी म्हटलं. विमानात मी मोठं भाषण तयार केलं होतं, त्यातलं एक वाक्य आठवेना. मी पासपोर्ट काढून तिच्यापुढे धरला. "ये तुम्हारा है. अब तुम्हारे पास रखो. और अगले थर्सडे का टिकट करता हूँ. एक महीना."

तिनं हात साडीला पुसले, मग तो घेतला. पानं उलटली. तिच्या देशाचा नवा शिक्का शोधत असावी.

"सर, ये भी गया था?"

"हां."

"ट्री के पास?"

"ईश्वरी ने रखा था. फ्लॉवर के बाजू में."

तिनं पासपोर्ट कपाळाला लावला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. मी गप्प राहायला हवं होतं. अनुपमा डोळ्यांनी तेच सांगत होती. पण माझ्यानं राहवलं नाही.

"वापस आएगी ना, लतिका?"

तिनं पासपोर्ट ब्लाउजमध्ये खोचला, माझे धुळीनं भरलेले बूट उचलले आणि माझ्याकडे बघून गोड हसली.

"इन्शाल्ला, सर," ती म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली.