सळईवरचा लेप

व्हायरस हा शब्दसुद्धा सुकेशनीला ऐकवत नसे. करोनात तिचे सासरे परभणीला दवाखान्यात गेले ते गेलेच, शेवटचं तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही. त्यामुळे नवऱ्याच्या मांडीत व्हायरसचा लेप दिलेली सळई बसवायची असं भक्ती डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा ती खुर्चीतून उठूनच उभी राहिली.

"मॅडम, एक व्हायरस आमच्या घरचं माणूस घेऊन गेला. आन् आता तुमी दुसरा मांडीत घालता?"

डॉक्टर हसल्या नाहीत. हा व्हायरस माणसाला काही करत नाही, जंतूंना मारतो, असं त्यांनी समजावलं. प्रयोग अजून नवा आहे, खात्री कुणीच देणार नाही, हेही सांगितलं. सिद्धोधनची मांडी मोटारसायकल घसरून मोडली होती. तेव्हा आत बसवलेल्या सळईभोवती पू झाला होता. औषधानं तेवढ्यापुरता वास दबे, पण पू हटत नव्हता. हे जमलं नाही तर पाय काढावा लागणार होता. सिद्धोधन सोनपेठकडच्या एका शाळेत मास्तर. त्यानं बायकोकडं न बघताच मान डोलावली. सासूबाई तानुबाईंनी मात्र दोन दिवस सुनेशी अबोला धरला, जणू हा व्हायरस पुरवणाऱ्या पुण्याच्या प्रयोगशाळेची मालकीण सुकेशनीच होती.

आधी मांडीत खोलवर सुई घालून पुवाचा नमुना घ्यायचा होता. तोवर जंतू मारायची एकही गोळी द्यायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि नेमकं त्याच आठवड्यात नणंदेला, बबिताला, बघायला जिंतूरचे पाहुणे यायचे ठरलं. पाहुणे कधी सोय बघून येतात का? इकडं जखमेचा वास असा, की अंगणातूनच नाकाला पदर लावावा. उदबत्त्या लावून झाल्या, फिनेलनं फरशी पुसून झाली. वास हटेना. घरात सडका पाय आहे म्हणून पोरीचं जमता जमता मोडलं, तर आयुष्यभर कोण ऐकून घेणार? सुकेशनीनं मेडिकलातून जंतू मारायच्या जुन्याच गोळ्या आणल्या आणि दुखायच्या गोळ्यांबरोबर नवऱ्याला देत राहिली. त्याला सांगितलं नाही. वास ओसरला. पाहुणे जयभीम करून बसले, पोटभर जेवले आणि सोयरीक पक्की करून गेले.

मग नमुना घेतला. एकच जंतू सापडला, त्यावरचा व्हायरस पुण्यात मिळाला. डॉक्टरांचा चेहरा पहिल्यांदाच खुलला.

ऑपरेशनच्या सकाळी सिद्धोधनला आत नेलं. बर्फाच्या पेटीतून पुण्याहून लेप दिलेली सळई आली होती. डॉक्टर जाता जाता दोन शब्द बोलायला थांबल्या.

"हा व्हायरस फक्त त्या एकाच जंतूला मारतो. शेजारी दुसरा बसला असेल तर त्याला शिवतसुद्धा नाही. म्हणून तर गोळ्या बंद ठेवायला लावल्या. गोळ्यांनी एखादा जंतू दबला की तो नमुन्यात दिसत नाही, आणि नंतर नव्या सळईवर घर करतो. तुम्ही पथ्य पाळलंत, बरं झालं."

डॉक्टर आत गेल्या. सुकेशनी बाकावरून उठली. सांगावं तर ऑपरेशन थांबणार, पुण्याहून आलेली सळई फुकट जाणार. न सांगावं तर? दुसरा जंतू नसेलही. नसेलच, तिनं स्वतःला बजावलं. आणि असला तर तो आतल्या आत वाढेल, पाय जाईल, कदाचित माणूसही जाईल. शेजारी बाकावर तानुबाई डोळे मिटून त्रिशरण म्हणत होत्या. त्यांना विचारायची सोय नव्हती. सुकेशनीला इतकी भीती करोनातही वाटली नव्हती, कारण तेव्हा तिच्या हातात काहीच नव्हतं.

तिनं थिएटरचं दार वाजवलं. नर्स खेकसली तरी वाजवतच राहिली.

"मॅडम, मी गोळ्या दिल्यात. नमुन्याच्या आधी. पाहुणे येणार होते, वास लय यायला होता म्हणून."

मास्कच्या वर डॉक्टरांचे फक्त डोळे दिसत होते. ते तिला सोसवेनात.

"त्यांना भूल दिलीय आम्ही," डॉक्टर म्हणाल्या. "जुनी सळई काढते, आतून साफ करते, हाडाचा तुकडा तपासायला पाठवते. नवी आज बसवत नाही. दुसरा जंतू निघाला तर त्याच्यावरचा व्हायरस शोधावा लागेल."

"आन् न्हाई सापडला तर?"

डॉक्टरांनी नर्सला दार लावून घ्यायला सांगितलं.

दुपारी सिद्धोधनला शुद्ध आली. ओठ कोरडे पडले होते. त्यानं आधी पांघरुणावरून मांडी चाचपली.

"बसली का गं सळई?"

"न्हाई. मीच बसवू दिली न्हाई."

ती सगळं बोलून गेली. गोळ्या, वास, जिंतूरचे पाहुणे, काही राखून ठेवलं नाही. तो रागावेल, हात उगारेल, निदान तोंड फिरवेल, असं तिला वाटलं. त्यानं मांडीवरचा हात काढून घेतला.

"वास कमी झाला तवा मला वाटलं, पाय बरा व्हायलाय," तो म्हणाला. "मी वर्गातल्या लेकरांना फोनवर सांगून बसलो, येतो म्हणून."