ट्रंकेतलं हिरवं लुगडं

निपाणीत मराठी शिकवणाऱ्या दिव्याने जूनमध्ये ठरवलं, रोज पहाटे पाचला उठून एक पान लिहायचं आणि मैत्रिणींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचं. महिनाभर बरं गेलं. मग सुचेनासं झालं. एकदा चहाच्या गाळणीवर लिहिलं, एकदा शाळेच्या घंटेवर. एकेचाळिसाव्या पहाटे तासभर कोऱ्या पानासमोर बसून तिला रडू फुटायचंच बाकी राहिलं.

शेजारच्या सोप्यात नागुबाई विड्या वळत बसायच्या. दिव्या शाळा सुटल्यावर त्यांच्याजवळ टेकू लागली. हातांबरोबर नागुबाईंचं तोंडही चालायचं. दिव्या माणसांची नावं बदलायची, गावं बदलायची आणि लिहायची. पानं भराभर उतरू लागली. ग्रुपवरच्या मैत्रिणी ती पुढे पाठवू लागल्या.

एकदा नागुबाईंनी आवाज खाली आणून सांगितलं, की त्यांची लेक सौम्या त्यांच्या पोटची नव्हे. बोरगावची धाकटी बहीण बाळंतपणात गेली, तिची चार दिवसांची पोर यांनी तिच्याच हिरव्या इरकली लुगड्यात गुंडाळून आणली. पदराला निखाऱ्याने पडलेलं भोक होतं. ते लुगडं नागुबाई वर्षातून एकदा ट्रंकेतून काढून उन्हात घालत, पण कुणाला हात लावू देत नसत. सौम्याला यातलं काही ठाऊक नव्हतं.

दिव्याने बोरगावचं कागल केलं. लुगडं मात्र ठेवलं, भोकासकट. ते काढलं असतं तर पान फिकं पडलं असतं.

पुढच्या रविवारी सौम्या तिच्या दारात उभी राहिली. ती बेळगावला हॉस्टेलवर राहून बी.कॉम. करत होती.

"बाई, ही गोष्ट आमच्या हॉस्टेलच्या ग्रुपवर आली," तिने मोबाईल पुढे धरला. "लुगडं आमच्या ट्रंकेतलं हाय. मग ह्यातली पोरगी कोण?"

सगळं कल्पनेतलं आहे, एवढंच दिव्याला म्हणायचं होतं. पण त्या पोरीच्या डोळ्यांकडे बघून तिने मान खाली घातली. सौम्याला जे कळायचं ते कळलं. ती उंबऱ्यावरच बसली. तिने विचारलं, "आईला म्हाईत हाय, तुमी लिवलंय ते?"

दिव्याने नकारार्थी मान हलवली.

दोघी शेजारी गेल्या. दिव्याने सगळं सांगितलं, तशी नागुबाईंच्या हातातली कातर विडीच्या पानावर थांबली. त्यांनी दिव्याकडे पाहिलंही नाही. सौम्याला आत नेलं आणि दार लावून घेतलं.

दिव्याने ग्रुपवरचं पान पुसलं. पुढे गेलेलं कसं पुसणार?

दिवेलागणीला नागुबाई आल्या, दारातच उभ्या राहिल्या. "बाई, मी तुमास्नी सांगितलं व्हतं, गावाला न्हाय. पोरगी रडून रडून झोपलीया. उठल्यावर मला आई म्हणंल का न्हाय, ठाव न्हाय."

सोमवारी पहाटे दिव्या सवयीने उठली आणि स्वतःच्या नावानिशी, आपण काय केलं ते लिहून काढलं. ते कुणालाच पाठवलं नाही.

मंगळवारी सौम्या बेळगावला गेली. दुपारी भिंतीपलीकडे नागुबाईंचा फोन वाजला. दिव्या श्वास रोखून ऐकत राहिली.

"पोचलीस व्हय? जेव आधी. मग बोल."

नागुबाई दिव्याशी मात्र अजून बोलत नाहीत.