चाळीस उभे, दोन आडवे

"लिव. आनखी एकदा लिव," आत्या म्हणाली. "आनि ह्या टायमाला ते 'प्लीज' घालू नको."

आम्ही बसणी गावच्या घरी पडवीत बसलो होतो. माझ्या मांडीवर लॅपटॉप आणि समोर चहा गार होत चाललेला. इंग्लंडच्या हेलन व्हिटकोम बाईंना हे आमचं पाचवं पत्र. बाईंचे वडील दुसऱ्या महायुद्धात वैमानिक होते. बंगालमधल्या एका धावपट्टीवरून उडायचं आणि ब्रह्मदेशात जपान्यांवर बॉम्ब टाकून परत यायचं, हे त्यांचं काम. त्या बॉम्बफेकी तुकडीचा सगळा इतिहास बाई लिहीत होत्या. कोणतं विमान कधी आलं, कुठं पडलं, कुणाच्या शेपटीवर कसला पट्टा, अंगावर कुठलं अक्षर. माझे आजोबा धोंडू तांबे लढाईत त्या धावपट्टीवर कामाला होते, ते पट्टे आणि ती अक्षरं रंगवायचे. निदान आत्याचं म्हणणं तसं होतं. त्यांचं नाव त्या पुस्तकात यावं, एवढंच तिला हवं होतं. पुस्तक महिनाअखेरीला छापायला जाणार होतं.

बाईंचं संकेतस्थळ मीच हौसेने आत्याला दाखवलं आणि विकतचं दुखणं घेतलं. मी रत्नागिरीत कॉलेजात इंग्रजी शिकवते, त्यामुळे सुटका नव्हती.

आत्याचं नाव आम्रपाली. आमचं घर बौद्ध झाल्यावर जन्मलेली ही पहिली मुलगी. पस्तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होती. एकदा जीप मिळेना, तेव्हा अडलेल्या बाईला खुर्चीत बसवून, चार गडी लावून तिने डोंगरावरून खाली आणलं होतं. बाई आणि बाळ दोघं सुखरूप. अशा बाईला "नाही" हा शब्द कुणी सांगायचा?

हेलनबाई तो शब्द फार गोड सांगत. तुकडीच्या हजेरीपटावर फक्त गोऱ्या सैनिकांची नावं आहेत, हिंदी कामगारांची नोंद नाही. शेपटीवरचा पांढरा तिरका पट्टा आणि 'के' अक्षराचं विमान हे तुम्ही बरोबर सांगता, पण ते तर आमच्या संकेतस्थळावर कुणीही वाचू शकतो. पुरावा असला तर कळवा.

पुरावा कुठला असायला? आजोबांचा लष्करी दाखला वाळवीने केव्हाच खाल्ला होता.

"आत्या, पुरे आता," मी म्हटलं. "आजोबांना जाऊन चाळीस वर्षं झाली. नाव आलं काय नि न आलं काय."

"तुला काय कळतंय? तू लिव."

मी लिहिलं. 'प्लीज' मात्र गुपचूप घातलंच.

चार दिवसांनी उत्तर आलं, सोबत एक फोटो. बहुधा आमची समजूत काढायला पाठवला असावा. बाईंच्या वडिलांचं 'के' विमान. नाकाजवळ छोट्या छोट्या बॉम्बांच्या दोन रांगा. प्रत्येक फेरीहून विमान सुखरूप परतलं की एक बॉम्ब रंगवायचा, अशी तिथली पद्धत. बाईंनी लिहिलं होतं, 'चित्रात बेचाळीस बॉम्ब आहेत, वडिलांच्या वहीत मात्र चाळीसच फेऱ्या. हे कोडं मला कधी सुटलं नाही. वडिलांनी फुशारकीने दोन वाढवून घेतले, असं त्यांचे सोबतीसुद्धा म्हणत. मला त्याचं फार वाईट वाटतं.'

आत्याने चष्मा पुसला. "मोठं कर गो जरा."

मी फोटो मोठा केला. ती बोटाने मोजू लागली. एका रांगेत वीस बॉम्ब उभे आणि शेवटी एक आडवा. दुसऱ्या रांगेत पुन्हा वीस उभे, एक आडवा.

ती एकदम उठून उभी राहिली. वय सत्तरीला आलेलं आणि गुडघे दोन्ही कामातून गेलेले.

"दर्शना, त्या बाईला फोन लाव. तोंड दिसतंय तो फोन. आनि आतली आंब्याची आढी काढ."

फोन रविवारी दुपारी जमला. पडद्यावर पांढऱ्या केसांची, गळ्यात चष्मा अडकवलेली बाई. इकडे आत्या शेणाने सारवलेल्या पडवीत आंब्यांच्या ढिगापाशी बसलेली. मी मधे दुभाषी.

"तिला सांग, माजा बा पोरवयापासून खोताच्या बागंत आंबं मोजायचा. लढाईच्या आदी पन आनि नंतर पन. आता नुस्तं बघ म्हनावं."

आत्या मोजू लागली. एकेक आंबा उचलून देठ वर करून मांडत गेली. अठरा, एकोणीस, वीस. मग एकविसावा उचलला आणि रांगेच्या शेवटी आडवा ठेवला.

"ही खूण. इसा झाला की एक आडवा. ह्यो मोजात न्हाय धरायचा. शेवटी नुस्त्या खुणा मोजल्या की हिशेब लागतो." तिने पुढे वाकून फोनकडे पाहिलं. "तुज्या बापानं खोटं न्हाय केलन. चाळीसच फेऱ्या. ते दोन माज्या बानं मोजायला टाकलन."

मी ते इंग्रजीत सांगितलं. बाईंनी चष्मा लावला, काढला. "थांबा" म्हणाल्या आणि उठून गेल्या. बऱ्याच वेळाने एक जाड फाईल घेऊन आल्या. तुकडीच्या आणखी तीन विमानांचे फोटो त्यात होते. तिन्हींवरही दर विसानंतर एक आडवा. बाईंना रडू फुटलं.

"ते दोन बॉम्ब मग कुणाचे म्हणून लिहू?" त्यांनी डोळे पुसत विचारलं.

"आमच्याकडं खुणंचा आंबा मोजनाऱ्याचा असतो. घरी न्यायचा. ते दोन माज्या बाचे. तसंच लिव म्हनावं."

तीन आठवड्यांनी छापलेलं पान फोनवर आलं. चिन्हांच्या प्रकरणात 'के' विमानाच्या फोटोखाली ओळ होती, 'चाळीस वैमानिकाचे, दोन रंगाऱ्याचे. रंगारी: धोंडू रामा तांबे, बसणी, रत्नागिरी.'

मी ओरडलेच. म्हटलं, पेढे आणते, बाबांना मुंबईला कळवते. आत्याने माझा हात धरून मला खाली बसवलं. पानावरून बोट फिरवत ती ओळ तिने दोनदा वाचली, इंग्रजीत, अडखळत.

"मी धा वर्साची व्हते," ती म्हणाली. "शाळंत सांगितलं, माजा बा इमानं रंगवायचा. सगळी हासली. मास्तर पन हासला. म्हनाला, तुज्या बानं तिथं घान उपसली आसंल. मी रडत घरी आले नि बाला म्हटलं, बाबा, लोकांत खोटं सांगत जाऊ नका, माजी लाज जाते."

"मग?"

"मग काय. त्यांनी माजे डोळे पुसले. म्हनाले, बरं बाय, न्हाय सांगनार." आत्याने फोन माझ्या हातात दिला. "मरंपर्यंत त्यांनी कुनाला सांगितलं न्हाय."