प्रचाराच्या गाडीतला आवाज

"घाबरवू नका, ताई. घाबरल्यासारखं बोला," काचेपलीकडून कुओसाहेब म्हणाले. "दोन्हींत फरक आहे."

बी-युनने कागद पुन्हा हातात घेतला. राष्ट्राध्यक्ष दुसऱ्यांदा उभे होते आणि गेले दोन महिने ती ध्वनिमुद्रणाच्या याच खोलीत बसून त्यांच्या प्रचाराच्या गाडीसाठी बोलत होती. त्याआधी अकरा वर्षं झोंगली शहरातल्या एका मोठ्या दुकानात तिचा आवाज घुमायचा. कोबी स्वस्त झालाय, मासे ताजे आहेत, हरवलेलं मूल दाराशी सापडलंय. मंदी आली आणि दुकानाने तिच्या जागी यंत्र बसवलं. नवऱ्याच्या काचेच्या कारखान्यात आठवड्यातले तीन दिवस बिनपगारी सुट्टी सुरू झाली. मालक कामावर बोलवत नव्हते आणि काढूनही टाकत नव्हते. अशात प्रचाराचं काम बघणाऱ्या कुओसाहेबांचा फोन आला, तेव्हा पक्ष कोणता हेही तिने धड विचारलं नव्हतं.

पहिला कागद सोपा होता. 'बाजार सावरतोय, आणखी चार वर्षं द्या.' गाडी भाजीबाजारातून निघाली की डंपलिंगवाली लाटणं उगारून म्हणायची, "सावरतोय ना? मग माझ्या दुकानाचा पत्ता दे त्याला." सगळा बाजार हसायचा. गाडी चालवणारा आ-शेंगही हसायचा. पण पक्षाच्या कचेरीत कोणी हसत नव्हतं. दर आठवड्याचे मतांचे अंदाज खालीच येत होते.

"पोटाचा विषय निघाला की आपण हरतो," कुओसाहेब म्हणाले. "तेव्हा तो निघूच द्यायचा नाही. छातीत धडधडायला लागलं की माणूस भूक विसरतो. चला, पुन्हा एकदा."

नव्या कागदावर लिहिलं होतं : 'आई, बाबा, माझं ऐका. राष्ट्राध्यक्ष बदलले तर समुद्रापलीकडचं सैन्य गप्प बसणार नाही. तुमची मुलं तेव्हा कुठे असतील? विचार करा. वेळ थोडा आहे.'

"खरंच होईल का हो असं?" तिने विचारलं.

"कोण सांगणार? पण होणार नाही असंही कोणी छातीठोक सांगू शकत नाही. आपल्याला तेवढं पुरतं."

बी-युनचा मुलगा तेव्हा दक्षिणेकडच्या छावणीत सक्तीची सैन्यसेवा करत होता. 'तुमची मुलं' म्हणताना त्याची भादरलेली मान तिच्या डोळ्यांपुढे आली आणि आवाज आपोआप कापला. काचेपलीकडे कुओसाहेबांनी अंगठा वर केला.

दुसऱ्या दिवशी गाडी निघाली. आवाजाआधी भोंगा वाजत होता, हवाई हल्ल्याचा असतो तसा. तो कचेरीने मागाहून जोडला होता, तिला कोणी सांगितलंही नव्हतं. बाजारात कोणी हसलं नाही. डंपलिंगवालीने लाटणं खाली ठेवलं आणि गाडी वळेपर्यंत नुसती बघत राहिली. घरी आल्यावर बी-युनने मुलाला फोन लावला. तो लागला नाही, तेव्हा तिने पुन्हा पुन्हा लावला. हे आपणच बोललोय, आपल्याला कागद दिला होता, हे तिला स्वतःला समजवावं लागलं.

घरात सासरे होते. होंगबाबा शहात्तर वर्षांचे, मूळचे समुद्रापलीकडच्या शत्रूच्या अगदी समोर असलेल्या किनमेन बेटावरचे. तरुणपणी त्यांनी चव्वेचाळीस दिवस तोफांचा मारा बघितला होता. त्यानंतर वीस वर्षं पलीकडून एक दिवसाआड गोळे यायचे, विषम तारखांना. विषम तारखेला लोक भुयारात लपायचे, सम तारखेला शेतात जायचे, लग्नं करायचे. बाबा यातलं कधी काही बोलत नसत. अलीकडे त्यांना कालचं आठवत नसे, जुनं मात्र जवळ येऊन बसलं होतं.

तिसऱ्या रात्री ते जेवले नाहीत. भातातलं रताळं तसंच राहिलं.

"बाबा, बरं नाही का वाटत?"

"वेळ थोडा आहे म्हणालीस ना?"

"अहो, ते माझं काम आहे. निवडणुकीचा प्रचार आहे तो."

"तुझाच आवाज होता," बाबा म्हणाले. "तू कशाला खोटं बोलशील?"

सकाळी ती कचेरीत गेली. "साहेब, निदान आमच्या गल्लीत ते लावू नका. घरी म्हातारं माणूस आहे."

कुओसाहेब तिच्याशी नेहमी नीट बोलत. आताही त्यांनी तिला बसायला सांगितलं, चहा दिला. "दोन टक्क्यांनी वर आलोय आपण, ताई. तुमच्या आवाजावर. आणि म्हातारी माणसं काय, प्रत्येक गल्लीत आहेत. ती मतदानाला न चुकता येतात. त्यांच्यासाठीच तर आहे हे."

तिने मनात हिशेब केला. नवऱ्याचा कारखाना होता, मुलाची सैन्यसेवा संपायला अजून सात महिने होते. ती चहा पिऊन उठली.

अकरा तारखेला दुपारी ती भाजी घेऊन आली तर दार सताड उघडं होतं. बाबांची रजई नव्हती. तांदळाचा डबाही नव्हता.

बाहेर बारीक, थंड पाऊस होता आणि बाबांची काठी दारातच होती. बी-युन गल्लीच्या दोन्ही टोकांना धावली. कोपऱ्यावर आ-शेंगची गाडी दिसली, भोंगा वाजवत येणारी. ती सरळ गाडीपुढे उभी राहिली.

"मराल ना, ताई."

"बंद कर ते. बाबा निघून गेलेत घरातून."

आ-शेंगने सुपारी थुंकली, कळ फिरवली आणि दार उघडलं. "बसा. माईक आहे, त्यात हाका मारा. गावभर ऐकू जाईल."

तिने हाका मारल्या. "बाबा, मी बी-युन. कुठे आहात? बाहेर या." रेल्वेच्या पुलाखाली पाणी वाहून नेणारा जुना सिमेंटचा बोगदा होता. त्याच्या तोंडाशी तांदळाचे दाणे सांडलेले होते. ती पुन्हा माईकमध्ये बोलली, आणि बोगद्यात काहीतरी सरपटल्याचा आवाज आला. बाहेर नाही, आत, आणखी आत.

आ-शेंगने हळूच तिच्या हातातला माईक काढून घेतला. "ताई, ते तुम्हालाच घाबरताहेत."

ती गाडीतून उतरली आणि एक शब्दही न बोलता गुडघ्यांवर आत शिरली. पाणी बर्फासारखं होतं. बाबा पार शेवटी बसले होते, डोक्यावर भिजलेली रजई, पोटाशी डबा. तिने त्यांच्या पावलावर हात ठेवला. बराच वेळ तसाच ठेवला.

"तारीख किती आज?" बाबांनी पुटपुटत विचारलं.

"बारा," ती कुजबुजली. "आज सम आहे, बाबा."

"नक्की?"

"नक्की."

मग ते तिच्यामागून रांगत बाहेर आले.

तीन दिवसांनी राष्ट्राध्यक्ष पुन्हा निवडून आले. कुओसाहेबांनी नासपतींची पेटी पाठवली, सोबत चिठ्ठी : चार वर्षांनी पुन्हा भेटू. कारखान्यातली बिनपगारी सुट्टी तीन दिवसांवरून चार दिवसांवर गेली. मुलगा सात महिन्यांनी धडधाकट परतला. समुद्रापलीकडून कोणी आलं नाही.

बाबा त्यानंतर दोन वर्षं होते. शेजारणी हाका मारत, टीव्ही चाले, नातेवाईक मोठ्याने बोलत, त्यांना काही वाटत नसे. फक्त बी-युनने स्वयंपाकघरातून "बाबा, जेवायला चला" म्हटलं की त्यांचे हात कानांवर जात. म्हणून तिने हाक मारणंच सोडलं. ताट वाढून झालं की ती त्यांच्या खोलीत जायची, समोरून, त्यांना दिसेल अशी, आणि खांद्यावर हात ठेवून उभी राहायची. मग ते उठत.