छातीवरची चांदी

सतरा मे, नॉर्वेचा राष्ट्रीय दिन. त्या सकाळी उल्विक गावच्या चर्चसमोर बँडवाले सूर जुळवू लागले आणि गुदरुनबाईंचा उजवा हात थरथरू लागला. कंपवाताला आवर घालणारे यंत्र त्यांच्या छातीत, कातडीखाली बसवलेले होते. त्याची बॅटरी बाहेरून छातीवर चकती धरून, वायरीवाचून भरावी लागे. साऱ्या घराच्या सणाच्या पारंपरिक पोशाखांना इस्त्री करण्याच्या धांदलीत काल ते राहून गेले होते. स्मारकाच्या दगडाला पुष्पचक्र वाहण्याचा मान यंदा त्यांचा, आणि त्या दगडावर लढाईत गेलेल्या थोरल्या भावाचे नाव. कापऱ्या हातांनी ते वाहणे त्यांना मान्य नव्हते.

बाकावर बसून त्यांनी पोशाखावरूनच चकती छातीशी धरली. ती तापे, कुरकुरे आणि बंद पडे. पुन्हा धरावी, पुन्हा तेच. मधला चांदीचा ब्रोच आडवा येतो आहे, असे लेक सिग्नेने सांगितले. मध्ये धातू नको, हे डॉक्टरांनी बजावले होतेच. पण धातू म्हणजे लोखंड, असे बाईंनी धरून ठेवले होते. चांदीला त्यात कोण मोजतो?

"काढ ना तो, आई."

"आणि उघड्या गळ्याने मिरवू? या पोशाखात?"

"तुझ्याशिवाय कोण बघतं गं ते?"

त्यातच तर सारे आले. या पोशाखाला ब्रोच लावायला विसरलेल्या, त्यावर न शोभणारा काळा चष्मा लावलेल्या कितीतरी जणींना बाईंनी भर रस्त्यात टोकले होते. गेल्या वर्षी तर गावातल्या बोर्गहिल्डला ब्रोच नाही म्हणून घरी परत धाडले होते, आणि ती आता चार पावलांवर उभी होती.

सिग्ने पुष्पचक्र आणायला गेली. मिरवणूक वळणावर आली. डावा हातही कापू लागला. बाई ब्रोचची टाचणी सोडवू लागल्या, पण बोटे तिच्यावर ठरेनात. त्यांनी एकदा रस्त्याकडे पाहिले, एकदा दगडाकडे.

"बोर्गहिल्ड, इकडे ये. काढ हा."

बोर्गहिल्डने ब्रोच काढला, गळपट्टी मोकळी करून चकती आत नीट बसवली, चकतीचा पट्टा बाईंच्या खांद्यावरून घेतला. मग हळूच म्हणाली, "गेल्या वर्षी तुम्ही मला घरी पाठवलंत. यंदा मी तुम्हाला कुठे पाठवू?"

"दगडापाशी. आणि लवकर."

चकतीवर हिरवा दिवा लागला. यंत्र पुन्हा सुरू झाले, आणि मिरवणूक चर्चच्या दारात येईतो हात स्थिर झाले.

पुष्पचक्र दगडाशी टेकले तेव्हा त्याचे एक पानही हलले नाही. बाईंनी भावाचे नाव शेवटच्या अक्षरापर्यंत वाचले आणि मान ताठ, गळा उघडाच ठेवून त्या मिरवणुकीत आपल्या जागी जाऊन उभ्या राहिल्या.