जिंकल्याचा कागद

हत्तुरे सरांनी टेबलावरचा कॅल्क्युलेटर स्वतःकडे ओढला आणि तिसऱ्यांदा तीच वजाबाकी केली. पाच लाखांतून दीड लाख गेले, उरले साडेतीन. त्यातून साडेतीन लाखही गेले, वर पदरचे साठ हजार गेले. उत्तर पुन्हा उणे साठ हजारच आलं. त्यांनी कॅल्क्युलेटर फिरवून वैजयंतीपुढे धरला.

“हे बघ. आता तूच सांग, यावर कर कसा बसतो?”

“सर, गणित बरोबर आहे तुमचं,” वैजयंती म्हणाली. “पण आयकर खात्याला ते नकोय. तुम्ही जिंकलात पाच लाख. त्यावर सरळ तीस टक्के कर, आणि त्या करावर चार टक्के सेस, म्हणजे उपकर. कॅसिनोनं दीड लाख तिथंच कापून घेतलेत. आणखी सहा हजार भरायचेत.”

“आणि हरलो ते?”

“ते वजा होत नाही की सर. ते दाखवायला रकानाच नाही.”

सर उठले. खिडकीपाशी गेले, खाली सात रस्ता चौकातली गर्दी बघितली आणि परत येऊन बसले. अर्ध्या तासात ही त्यांची चौथी फेरी होती. वैजयंती त्यांची जुनी विद्यार्थिनी. आता तिचं करसल्ल्याचं ऑफिस होतं, आणि तोंडाची घट्ट म्हणून सर दरवर्षी तिच्याकडेच विवरणपत्र भरत. तीस वर्षं त्यांनी पोरांना वजाबाकी शिकवली होती. हातचा विसरला म्हणून याच वैजयंतीला एकदा बाकावर उभं केलं होतं. आणि आज तीच त्यांना सांगत होती, की ही वजाबाकी करायचीच नाही.

डिसेंबरात ते एका सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नाला मडगावला गेले होते. तिथून चौघं शिक्षक गंमत म्हणून पणजीला कॅसिनोच्या बोटीवर गेले. दहावीला संभाव्यता शिकवणारा माणूस, त्याला कुणी काय सांगायचं! तिघं फुकटचं जेवून मोकळे झाले. सर मात्र एका यंत्रासमोर बसले, आणि तासाभरात त्या यंत्रानं पाच लाख दिले. पॅनकार्ड, आधार, सही, सगळं झालं आणि साडेतीन लाख रोख हातात आले. उजाडेपर्यंत ते गेले. शिक्षक पतसंस्थेतून उचललेले साठ हजार घराच्या रंगासाठी खात्यात पडून होते, तेही गेले. घराला रंग लागलाच नाही. ‘रंगारी मिळत नाही’ असं ते अजून सांगत होते. तेलही गेलं, तूपही गेलं, आणि हाती राहिलेल्या धुपाटण्यावर आता सहा हजारांचा कर.

“हे लिहिलंच नाही तर?” त्यांनी आवाज खाली आणून विचारलं.

“पॅनवर आधीच दिसतंय. तुम्ही नाही लिहिलं तर नोटीस येईल. आणि ती घरी येईल.”

बायकोला, दाक्षायणीला, हे कळता कामा नये, एवढी एकच गोष्ट त्यांनी सात महिने जिवापाड सांभाळली होती. पैशाचं त्यांना तेवढं वाटत नव्हतं. ती बाई पंचवीस वर्षं घरात मशीनवर शाळेचे गणवेश शिवत होती, आणि गल्लीत कुणी उधळ्या निघाला की म्हणत होती, ‘आमच्या सरांचं तसं न्हाय.’ हे वाक्य पुन्हा कधी ऐकायला मिळणार नाही, याची त्यांना भीती होती.

“भर बाई,” ते म्हणाले. “एकदाचं भरून टाक.”

सहा हजार त्यांनी फोनवरून तिथल्या तिथे भरले. वैजयंतीने रकाने भरले, शेवटचं बटण दाबलं आणि वर बघितलं.

“ओटीपी आला असेल, सर. आधारच्या नंबरवर.”

सरांनी फोन बघितला. काहीच नव्हतं. मग त्यांना आठवलं. आधारचं शिबिर भरलं तेव्हा ‘शिक्षकाला मोबाईल कशाला?’ असं ते ताठ मानेनं म्हणत असत. घरात फोन होता तो दाक्षायणीचा, गणवेशाच्या गिऱ्हाइकांचे निरोप यावेत म्हणून. तोच नंबर त्यांनी सगळीकडे देऊन टाकला होता, आणि पुढे बदलायचं राहून गेलं.

“दुसरा काही मार्ग?”

“सही करून टपालानं बंगळुरूच्या आयकर केंद्राला पाठवता येतं. पण पोचल्याचा निरोप याच नंबरवर जाणार.” वैजयंतीने क्षणभर त्यांच्याकडे बघितलं. “दरवर्षी त्या ओटीपी सांगतातच की, सर. यंदा वेगळं काय? पंधरा मिनिटं चालतो.”

खरंच, दरवर्षीसारखंच विचारायचं. सर पाणी प्यायले, घसा साफ केला आणि फोन लावला. पलीकडून आधी मशीनचा आवाज आला, मग दाक्षायणीचा.

“कुटं हाय तुमी?”

“वैजयंतीकडं. एक मेसेज आलाय बघ. आकडे सांग.”

“आलाय की.” मशीन थांबलं. “टॅक्सचा हाय. गोव्याचं पण भरलं न्हवं त्यात?”

सरांच्या हातातलं पेन टेबलावर पडलं.

“गोव्याचं काय?”

“आता पुरे की! पाकीट आलंय पणजीचं, फेब्रुवारीतच. तुमचं नाव, पाच लाख जिंकले, दीड लाख कापले, सगळं लिहिलंय. देवघरात ठेवलंय मी, कुंकवाच्या करंड्याखाली.” ती हसत होती. “कुणाला बोलले न्हाय. म्हटलं, सर आपणहून सांगतील. पाडव्याला वाटलं, सांगाल. अक्षय तृतीयेला वाटलं. लई दम धरला बघा.”

सरांनी पडलेलं पेन उचललं.

“रागावू नका, पण मी बी एक केलंय. नव्या पेठेच्या कोपऱ्यावरचा गाळा बघितला. गणवेशाच्या दुकानाला. तीन लाख अनामत मागतोय. भिशीचे अकरा हजार इसार दिले. आखाड सरला की ताबा देतो म्हणालाय. साडेतीन लाख उरतात ना तुमचे? मीच केली वजाबाकी.”

वैजयंती उठली, पाण्याचा जग उचलला आणि बाहेरच्या खोलीत गेली. जग भरलेलाच होता.

अजूनही काहीतरी सांगता आलं असतं. मुदत ठेवीत आहेत, पतसंस्थेत अडकलेत, दिवाळीनंतर मिळतील. रंगाऱ्याच्या सबबीवर सात महिने निघाले होते, यावर आणखी सहा निघाले असते. सरांनी तोंड उघडलंही. मग समोरच्या कॅल्क्युलेटरवरचं उणे साठ हजार त्यांना दिसलं.

“दाक्षायणी,” ते म्हणाले, “त्या कागदावर नुसतं जिंकलेलं लिहितात. हरलेलं लिहीत नाहीत.”

“किती?” तिनं विचारलं.

“सगळे. आणि रंगाचे साठ हजार.”

सरांना वाटलं, तिनं फोन ठेवला. त्यांनी तो कानापासून दूर धरून बघितला. कॉलचे सेकंद चालू होते. मग तिचा आवाज आला, एक एक आकडा सुटा सांगणारा, गिऱ्हाइकाचं माप लिहून घेताना असतो तसा.

“चार. शून्य. सात. सात. दोन. नऊ. लिहिलं?”

“लिहिलं.”

“इसार परत मिळत न्हाय. म्हणजे ते अकरा बी गेले.”

“मी घरी येतो. बोलू.”

“नवी पेठ करून या. गाळ्याच्या मालकाला तुमीच सांगा, मला न्हाय जमायचं.” ती थांबली. “गाळ्यातल्या कोनाड्यात माझा एक कागद राहिलाय. मशीन कुटं बसतंय, कपाट कुटं, त्याचं मोजमाप केलेला. तेवढा आणा.”

फोन बंद झाला. वैजयंती आत आली, सरांनी लिहिलेले सहा आकडे बघून तिने भरले, आणि पडद्यावर हिरवी खूण आली.

“झालं, सर.”

तिने फीचं काही म्हटलं नाही, आणि सरांनाही ते आठवलं नाही. जिना उतरून ते रस्त्यावर आले. ओळखीच्या रिक्षावाल्याने विचारलं, “घरला न्हवं, सर?”

“नवी पेठ,” सर म्हणाले, आणि बसल्यावर माप घ्यायचा टेप शोधावा तसे उगीचच दोन्ही खिसे चाचपत राहिले. गाळा किती बाय कितीचा आहे, हेही त्यांनी तिला विचारलं नव्हतं.