मुदत आज संपते

आगीनं लायसन्स कचेरीचा पार बोजवारा उडवला होता. आग वायरिंगची, विझलीही लवकर. पण फोटो आणि अंगठा घेणारी यंत्रं निकामी झाली. एकच वाचलं, तेही भाड्याच्या जनरेटरवर धापा टाकत चाललेलं. कचेरी आज उघडली तेव्हा फाटकाबाहेर मुंगी शिरायला जागा नव्हती.

साहेबांनी केबिनमधून डोकंही बाहेर काढलं नाही. "बाई, पाटी लावा आणि पाठवा सगळ्यांना घरी."

"पाटी वाचून कोण जाणार, साहेब? फाटक मोडतील."

"मग तुम्हीच काय ते बघा."

झालं, घोंगडं खिडकीवरच्या बाईंच्या गळ्यात पडलं. लोकांची बोलणी खाण्यात त्यांचा जन्म गेला होता, पण तेव्हा मधे काच असायची. आज त्या अंगणात स्टूल ठेवून त्यावर उभ्या राहिल्या.

"यंत्र एकच आहे," त्या म्हणाल्या. "ज्यांची मुदत आज संपते आणि ज्यांचं पोट गाडीवर आहे, ते आधी. त्यातही जो आधी आला तो आधी. बाकीच्यांनी दुरुस्ती झाल्यावर या."

थोडे कुरकुरत परतले. बरेचसे हटले नाहीत. तरी रांग लागली आणि पुढे सरकू लागली. कुणी रुग्णवाहिकेवरचा, कुणी ट्रकवरचा. जनरेटर मधेच खोकायचा, की सगळ्यांचा श्वास अडकायचा.

दुपार कलली तेव्हा मागून हाक आली, "वहिनी! मी आलोय."

त्यांचे दीर शाळेची बस चालवायचे. मुदत संपत आलीये, जाऊन या, असं महिनाभर सांगून बाईंची जीभ झिजली होती. भाऊजींचं उत्तर ठरलेलं: "वहिनी आहेत ना तिथं."

"म्हणजे बाईंचा माणूस," कुणीतरी म्हणालं. पाठोपाठ दुसरा, "आता बघा, हा कसा आत जातो ते." गर्दी फाटकावर रेलली. बिजागऱ्या करकरल्या.

"हो, माझे दीर आहेत," बाई म्हणाल्या. आवाज त्यांना स्वतःलाच परका वाटला. "मुलांची बस चालवतात, मुदत आजच संपते. पण आले सगळ्यांच्या शेवटी. भाऊजी, रांगेत मागे उभे राहा."

"वहिनी, उद्या सकाळी पोरं थांब्यावर उभी असतील हो."

"मला माहीत आहे."

भाऊजींचा चेहरा पडला, पण ते मागे गेले. रांग हळूहळू सरकत राहिली. शेवटी त्यांच्या पुढे फक्त दुधाचा टँकरवाला उरला. त्यानं अंगठा टेकवला, पावती हातात घेतली आणि जनरेटरनं एक आचका देऊन मान टाकली.

मेकॅनिकनं झाकण उघडलं, वास घेतला आणि मान हलवली. "आज नाही होणार."

बाहेर एकच कल्लोळ उठला. दिवसभर आशेवर तिष्ठत राहिलेल्यांनी फाटकाला खांदे लावले. बाई स्टुलावरून उतरायलाही विसरल्या. तेवढ्यात भाऊजी फाटकाच्या आडव्या गजावर चढले.

"मी त्यांचा सख्खा दीर," ते ओरडले. "माझंही झालेलं नाही. उद्या माझी बस दुसरा कुणी नेणार. मला आत घेतलं नाही, ते तुम्हाला घेतील होय? चला घरी."

कुणीतरी हसलं. त्या हसण्यानंच जोर ओसरला. एकेक खांदा फाटकावरून निघाला आणि माणसं पांगू लागली.

घरी मात्र भाऊजी वहिनींकडे पाठ करून जेवायला बसले. सासूबाईंनी दोघांना वाढलं आणि दोघांकडेही बघणं टाळलं. टँकरवाल्याआधी यांना घेतलं असतं तर कुणाचं काय बिघडलं असतं, हा विचार बाईंची पाठ सोडत नव्हता. आणि टँकरवाल्याचा चेहराही.

सकाळी त्या कचेरीला निघाल्या तेव्हा शाळेची बस कोपऱ्यावरून वळत होती. स्टिअरिंगवर अनोळखी माणूस होता. शेजारच्या जागेवर भाऊजी बसले होते, बोटानं पुढचा थांबा दाखवत. त्यांनी वहिनींना पाहिलं, पण हात केला नाही. बसमधल्या पोरांनी मात्र केला.